विक्रोळीची बुंदी: चौदाव्या मजल्यावरच्या शित्झू पपीच्या शी-शू ट्रेनिंगची पूर्ण केस

केस अशी आहे. विक्रोळी पूर्व, कन्नमवार नगर. म्हाडाच्या जुन्या बिल्डिंगी पाडून तिथे जे टॉवर झालेत त्यातल्या एकात चौदाव्या मजल्यावर वन बीएचके, घरात चार माणसं, आजी, आई-बाबा आणि कॉलेजला जाणारी मुलगी, आणि मेच्या शेवटी आणलेलं शित्झूचं (छोट्या, लांब केसांच्या, चपट्या नाकाच्या जातीचं) मादी पिल्लू, नाव बुंदी. ट्रेनर म्हणून मला फोन आला तेव्हा बुंदी जेमतेम तीन महिन्यांची, वजन दीड-पावणेदोन किलो, आणि घरातलं वातावरण इतकं तापलेलं की आजी म्हणत होत्या एकतर ती राहील नाहीतर मी गावाला जाते. तक्रार एकच, पिल्लू घरभर शी-शू करतं, शू शोषून घेणारे पॅड लावले तरी करतं, खाली नेलं तर वर येऊन करतं, ओरडलं तरी करतं, आणि आता तर लपून करायला लागलंय. "ताई, हिला कळत नाही का मुद्दाम करते हो?" हा आईंचा पहिला प्रश्न.

मुद्दाम कुठलंही पिल्लू करत नाही. हे मी प्रत्येक घरात आधीच सांगून टाकते कारण एकदा का "मुद्दाम करते" डोक्यात बसलं की घरातली मोठी माणसं त्या एवढ्याशा जिवाशी भांडायला लागतात. शू धरून ठेवायचा ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय तितके तास, फार तर वर एक तास, तेही पिल्लू शांत पडलेलं असेल तर, खेळताना नाही. छोट्या जातींचं त्याहूनही कमी धरायचं, लघवीची पिशवीच एवढीशी असते, आणि खाणं दिवसातून चार वेळा द्यावं लागतं कारण इतक्या लहान पिल्लांच्या रक्तातली साखर उपाशी राहिली की झटकन खाली येते, मग चार वेळा खाणं म्हणजे तेवढ्या वेळा शी आलीच. शेजारच्यांचा लॅब्राडोर चार-पाच महिन्यांत लाइनीवर आला असेल, आनंद आहे, पण तो हिशोब शित्झू, पॉम (पॉमेरेनियन), डॅशहुंड अशा छोट्या जातींना लावायचा नाही, यांना सात-आठ महिने सहज लागतात, कधी वर्षही जातं.

बुंदीच्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. ती एका डीलरकडून आणलेली, आणली तेव्हा दीड महिन्याची. 2017 च्या डॉग ब्रीडिंग अँड मार्केटिंग रूल्सप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण लोकांना माहीत नसतं आणि विकणारा कशाला सांगतोय. हा नियम कागदापुरता नाहीये. पिल्लं साधारण तीन आठवड्यांची झाली की आपोआप झोपायच्या जागेपासून लांब जाऊन शू करायला लागतात, त्यांना कोणी शिकवत नाही, आणि सात ते नऊ आठवड्यांच्या आसपास पायाखाली कसली जमीन लागली की शू करायची याची आवड पक्की व्हायला लागते. ज्या पिल्लाने त्याच्या आधीचे आठवडे पिंजऱ्यात कागदाच्या कपट्यांवर काढले, जिथे खाल्लं तिथेच झोपलं आणि तिथेच केलं, त्याची ती नैसर्गिक सवय मोडलेली असते. म्हणजे बुंदी शून्यापासून नाही, शून्याच्या खालून सुरुवात करत होती. हे सांगितलं तेव्हा आजींचा चेहरा पहिल्यांदा जरा मऊ झाला.

आता घरात काय चाललं होतं ते बघा. आजी दिवसभर घरी, त्यांनी दारापाशी पेपर पसरलेले. मुलीने ऑनलाइन पॅड मागवून हॉलमध्ये टीव्हीखाली लावलेले. आई तिला उचलून बाथरूममध्ये सोडून दार लावून घ्यायच्या. आणि बाबांचं म्हणणं कुत्रा आहे तर खालीच गेला पाहिजे, ते सकाळी लिफ्टने खाली न्यायचे, सकाळची लिफ्ट म्हणजे शाळेची मुलं, दूधवाला, प्रत्येक मजल्यावर थांबणार, खाली पोचेपर्यंत पिल्लाचा धीर सुटलेला किंवा खाली गाड्यांच्या आवाजाने ते इतकं घाबरलेलं की काहीच करायचं नाही आणि वर येऊन ओळखीचं घर लागलं की मोकळं व्हायचं. चार माणसं, चार जागा, प्रत्येक जण आपापल्या परीने मन लावून करत होता, आणि पिल्लाला मात्र चार वेगवेगळी उत्तरं मिळत होती. शिवाय खाली नेणं त्या वयात धोक्याचंच. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, आणि पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो असतो, जो माणसांना होतो तसा कुत्र्यांनाही होतो. साधारण सोळा आठवड्यांचा शेवटचा डोस होऊन व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) हो म्हणेपर्यंत रस्त्यावर पाय नाही, हे मी पहिल्याच दिवशी बाबांकडून कबूल करून घेतलं.

आणि ओरडणं. कोणीतरी सल्ला दिलेला की नाक शू मध्ये घासा म्हणजे कळतं. हा सल्ला मुंबईत अजून घरोघरी फिरतोय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. पिल्लाला त्यातून "इथे करू नको" कळत नाही, त्याला कळतं की माणसासमोर शू केली की मार पडतो. मग ते माणसासमोर करणं बंद करतं, आणि सोफ्यामागे, पलंगाखाली, पडद्याआड करतं. बुंदीचं "लपून करणं" ते हेच. वर याचा दुसरा तोटा असा की असं पिल्लू तुम्ही योग्य जागी नेलं तरी तुमच्या डोळ्यांदेखत करत नाही, म्हणजे शाबासकी द्यायची संधीच जाते. त्यामुळे ओरडणं पूर्ण बंद, हातात पेपरची गुंडाळी घेणं बंद, झालेलं दिसलं तर तोंडातून चकार शब्द न काढता पुसायचं. डोळ्यांसमोर करताना दिसली तर हलकी टाळी वाजवून उचलायचं आणि जागेवर न्यायचं, बस.

काही सुरू करायच्या आधी व्हेटकडे पाठवलं. मादी पिल्लांमध्ये युरीन इन्फेक्शन अगदी कॉमन, सारखी थोडी थोडी शू, बसून जोर लावणं, खाली सतत चाटणं, असं असेल तर जगातलं कुठलंही ट्रेनिंग चालणार नाही. बुंदीची युरीन टेस्ट ठीक आली पण पोटात जंत निघाले, शी पातळ होती ती त्यामुळे, जंताचं औषध झालं आणि पातळ शी थांबली तसा अर्धा ताण तिथेच उतरला. आईंनी शू कमी व्हावी म्हणून पाणी कमी केलं होतं ते पुन्हा भरपूर ठेवायला लावलं. मुंबईच्या दमट हवेत चपट्या नाकाच्या पिल्लाचं पाणी तोडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि कमी पाण्याने शू घट्ट होते, वास उलट वाढतो.

मग फ्रिजवर एक कागद चिकटवला. कधी खाल्लं, कधी उठली, कधी शू, कधी शी, आणि कुठे, हे "कुठे" सगळ्यात महत्त्वाचं. लिहायचं काम आजींकडे दिलं कारण दिवसभर त्याच घरी, आणि खरं सांगते, इतका व्यवस्थित तक्ता मला आजवर कोणी करून दिला नव्हता, वेळ, जागा, आणि पुढे बारीक अक्षरात शेरा, "खेळताना", "बेल वाजली तेव्हा", "मावशी आल्यावर". आठवड्याभराने तो कागद घेऊन आम्ही सगळे बसलो. वेळा तर अपेक्षित होत्या, झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत, संध्याकाळी मुलगी आली की खेळाच्या भरात. पण जागांच्या रकान्यात काय होतं? बाथरूमबाहेरचं पायपुसणं. बेडरूमच्या दारातलं पायपुसणं. आजींची बसायची सतरंजी. मुलीची योगा मॅट. गोधडीचं लोंबणारं टोक. आणि सोफ्यामागे, पण तिथेही कोपऱ्यात पडलेल्या जुन्या उशीवर. उघड्या लादीवर जवळजवळ काहीच नाही! सगळं मऊ, सगळं पाणी शोषून घेणारं. म्हणजे पॅडने आपलं काम चोख केलं होतं, पिल्लू शिकलं होतं, फक्त ते "टीव्हीखाली कर" असं न शिकता "मऊ लागलं की कर" असं शिकलं होतं. ज्या घरात दर दारात पायपुसणं आहे, म्हणजे आपलं प्रत्येक मराठी घर, तिथे पिल्लाला पॅड लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला जरूर लावा. पिल्लाला नको.

तर सगळी पायपुसणी, सतरंज्या, मॅट महिनाभर उचलून माळ्यावर. पॅड बंद. आणि एकच जागा ठरवायची, यावर बराच वेळ चर्चा झाली. बाथरूम एकच, सकाळी सहा ते नऊ सगळ्यांच्या आंघोळी, दार बंद आणि लादी ओली, आणि नेमकी तीच पिल्लाची सगळ्यात घाईची वेळ, म्हणून तर बाहेरच्या पायपुसण्यावर रोज सकाळी एक नोंद होती. छोट्या कुत्र्यांना, त्यात लांब केसवाल्या, ओल्या लादीवर पाय ठेवायला मुळीच आवडत नाही कारण त्यांचं पोट जमिनीपासून चार बोटं वर असतं. उरली किचनमागची ड्राय बाल्कनी, जिथे वॉशिंग मशीन आहे, नळ आहे, पाणी जायला जाळी आहे. अडचण अशी की रस्ता किचनमधून आणि किचनमध्ये आजींचं देवघर. मी आजींना सांगितलं की आजी, निर्णय तुमचा, दिवसभर तुम्हालाच करायचंय. त्यांनी जरा विचार करून म्हटलं, "रोज देवाजवळच्या सतरंजीवर करते त्यापेक्षा तिकडे गेलेली काय वाईट, निदान लगेच धुता तरी येईल." ठरलं.

पण बाल्कनीचं काम केल्याशिवाय तिथे पिल्लू सोडायचं नाही, हे सगळ्यांनी नीट वाचा. ग्रिलच्या दोन सळयांमधून दीड किलोचं पिल्लू आरामात बाहेर जातं, आणि हा चौदावा मजला. आधी खालच्या दोन फुटांना बारीक जाळी मारून घेतली. मग पावसाची झड येते म्हणून वरून ताडपत्री. डिटर्जंट, ब्लीच, फिनेलचे डबे उचलून वरच्या फळीवर. आणि मग बघितलं तर मधला उंबरा. पाणी किचनमध्ये येऊ नये म्हणून तिथे संगमरवरी पट्टी असते ना, चांगली पाच इंच, बुंदी तिच्यापाशी येऊन पुढचे दोन पाय वर ठेवायची, मागचे चढायचे नाहीत, दोनदा प्रयत्न करून तिथेच बसायची. कोणी बघितलं नसतं तर म्हणाले असते की बाल्कनीच्या दारात येऊन करते, किती हट्टी. आजींनी आपला जेवायचा जुना पाट काढून उंबऱ्याला लावून दिला, पायरी झाली. आत जाळीवाला ट्रे, वर नकली गवत, खाली पाणी निघून जातं असा. गवत खरखरीत, पायपुसण्यापेक्षा पायाला पूर्ण वेगळं लागणारं, हेच हवं होतं.

रूटीन सांगते. उठली की लगेच उचलून ट्रेवर, चालवत नाही न्यायचं, वाटेतच सुटतं. खाऊन झालं की दहा मिनिटांनी ट्रेवर. खेळ मध्येच थांबवून ट्रेवर. जागेपणी बाकी दर तासाला. तिथे उभं राहायचं, गप्प, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, ती वास घेत गोल फिरायला लागली की एकदाच हळू आवाजात "शू कर". सगळ्यांचा शब्द एकच, कोणी "पॉटी", कोणी "सू सू" असं नाही. झालं की तिथल्या तिथे, दोन सेकंदांत, खाऊ. किचनमध्ये परत येऊन डबा उघडून दिला तर तो खाऊ परत आल्याचा झाला, शू केल्याचा नाही, म्हणून छोटी डबी मशीनवरच ठेवली. खाऊ म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा पनीर किंवा उकडलेलं गाजर. आजी प्रसादातले बेदाणे द्यायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. बेदाणे, मनुका, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला विषारी, एवढ्याशा कुत्र्याला तर थोडेही नकोत.

पाच मिनिटांत नाही झालं तर? परत आणायचं पण हॉलमध्ये मोकळं सोडायचं नाही. मांडीवर किंवा प्लेपेनमध्ये, म्हणजे पिल्लासाठीच्या छोट्या कुंपणात, दहा-पंधरा मिनिटांनी परत ट्रे. रिकामी झाली की मग अर्धा-पाऊण तास हॉल तिचा. लोक नेमके इथेच कंटाळतात, कारण "एवढंसं पिल्लू कशाला कोंडायचं", पण नजर नसताना मोकळं सोडलेलं पिल्लू म्हणजे चुकीच्या जागेचा सराव करणारं पिल्लू, आणि सराव कुठलाही पक्का होतोच. मुलीने अभ्यासाला बसताना पट्टा स्वतःच्या कमरेला बांधायला सुरुवात केली, ती युक्ती उत्तम चालली.

मावशींचं वेगळं लिहायला हवं. त्या सकाळी येऊन एकाच बादलीत फिनेल टाकून एकाच फडक्याने अख्खं घर पुसायच्या, म्हणजे सोफ्यामागची शू पुसून तेच फडकं बेडरूममध्ये, तेच देवघरापाशी. आपल्याला फिनेलचा वास येतो आणि स्वच्छ वाटतं, कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा शूचा वास स्पष्ट येतो, तो नुसत्या पाण्याने किंवा फिनेलने पूर्ण जातच नाही. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पेट शॉपमध्ये मिळतं. आधी पेपर दाबून सगळं टिपून घ्यायचं, रगडायचं नाही, मग क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ भिजू द्यायचं, मग पुसायचं, आणि त्याचं फडकं वेगळं. अमोनियावालं काही वापरायचं नाही, त्याला शूसारखाच वास. मावशींना बसवून हे सगळं सांगितलं, त्यांना वेगळं लाल फडकं दिलं, आणि पुढे सोफ्यामागची जागा ओली दिसली की सगळ्यात आधी त्याच सांगायला लागल्या. घरकाम करणाऱ्या बाईला प्लॅनमध्ये न घेता मुंबईत कुठलंही पपी ट्रेनिंग होत नाही.

एक गोष्ट मात्र यात बसत नव्हती. तक्त्यात रोज रात्री आठच्या सुमारास मुख्य दारापाशी उघड्या लादीवर दोन थेंब, आणि शेरा "बाबा आले". हे ट्रेनिंगचं नाहीच. आनंदाने किंवा दबून जाऊन पिल्लांची शू सुटते, ती त्यांच्या हातात नसते. बाबा उंच, दारातच वाकून दोन्ही हातांनी तिला उचलायचे. त्यांना सांगितलं आल्यावर तिच्याकडे बघायचंच नाही, बूट काढा, पाणी प्या, खाली बसा, ती स्वतः आली की छातीखाली हात लावून खाजवा, डोक्यावरून हात नको. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला हे जड जातं, पण त्यांनी केलं.

रात्री प्लेपेन आई-बाबांच्या पलंगाजवळ. शेवटचं खाणं आठला, अकराला ट्रे, आणि सुरुवातीला तीनच्या सुमाराला एकदा. लाइट मोठा लावायचा नाही, लाड नाहीत, उचल-ट्रे-खाऊ-झोप. ही ड्युटी बाबांनी घेतली. चार महिन्यांच्या पुढे ती वेळ हळूहळू पहाटे पाचवर सरकली आणि मग तिची तीच सहापर्यंत झोपायला लागली.

ऑगस्ट सुरू होईपर्यंत चुका आठवड्यातून दोन-चारवर आलेल्या. आणि मग गणपती. यांच्याकडे दीड दिवसाचा असतो, वन बीएचकेमध्ये पाहुण्यांची रीघ, खाली ढोल-ताशे, आणि पाहुण्यांना बसायला हॉलभर सतरंज्या! व्हायचं तेच झालं, आरतीच्या वेळी सगळ्यांच्या मध्ये सतरंजीवर. मुलीने रडत फोन केला की सगळं वाया गेलं. काहीही वाया गेलं नव्हतं. गर्दी, आवाज, मऊ पसरलेलं, आणि ट्रेचा रस्ता नैवेद्याच्या गडबडीत बंद, मोठं कुत्रंही गोंधळलं असतं. विसर्जन झाल्यावर पहिल्या दिवसांचं रूटीन पुन्हा, दर तासाला ट्रे, नजरेआड सोडायचं नाही, आणि आठवड्याभरात गाडी रुळावर. पुढच्या वर्षी त्या दीड दिवसात तिला बेडरूममध्ये ठेवून ट्रे तिथेच लावायचा असं ठरलंय.

लसी झाल्यावर खाली फिरणं सुरू झालं, पण ते फिरायला आणि जग बघायला, शूसाठी नाही. खाली केली तर छान, खाऊ मिळतो, पण बाल्कनीचा ट्रे कायम. बाबांना आधी हे कमीपणाचं वाटायचं, आता जुलैत रात्री दोन वाजता चौदा मजले उतरावे लागत नाहीत याचं मोल त्यांना कळलंय. खाली केलेली शी मात्र उचलायचीच, आपलं कर्तव्य म्हणून तर आहेच, आणि पालिकेच्या स्वच्छता उपविधींमध्ये त्याला दंडही आहे. सोसायटीत कोणीतरी लिफ्टवरून कुरकुर केली, तेव्हा अॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या गाइडलाइन्सची प्रिंट सेक्रेटरींना दिली, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही, विषय संपला.

आता बुंदी आठ महिन्यांच्या पुढे आहे. दिवसा घरात चूक नाही, पाट काढला तरी उंबरा चढते, ट्रेकडे जायचं असेल तर किचनच्या दारात जाऊन मागे वळून बघते. पायपुसणी एकेक करून परत आली, आधी बेडरूमची, मग बाथरूमची, आजींची सतरंजी सगळ्यात शेवटी. बाबांच्या दाराशी महिन्यातून एखाद्या वेळी थेंब पडतात, ते वाढत्या वयाबरोबर जाईल. पहिली हीट (माजावर येणं) जवळ आलीये, त्या दिवसांत शू वारंवार होते आणि जागाही चुकू शकते, त्यामुळे तेव्हा ओरडायचं नाही हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय, आणि नसबंदी नेमकी कधी करायची ते व्हेटशी बोलून ठरेल. मेमध्ये सगळे गावाला जाणार आहेत, ट्रे गाडीत सोबत जाणार, आणि तो गावच्या घरात कुठे लावायचा हे आजींनी आत्ताच ठरवून ठेवलंय, मागच्या पडवीत, पाण्याच्या हौदाजवळ.